दूरस्थ दंतनिरीक्षणाची स्मार्टफोन-जोडसाधने आणि एकस्वाची कक्षा

मुखाची पोकळी ही प्रकाशचित्रणाच्या दृष्टीने अत्यंत गैरसोयीची जागा होय. तेथे प्रकाश पोहोचत नाही; पोहोचलाच तर लाळेने ओल्या झालेल्या दंतपृष्ठावरून तो आरशासारखा परततो. गाल व ओठ आड येतात, श्वासाने भिंगावर बाष्प जमते आणि मागील दाढांची चर्वणपृष्ठे तर समोरून दिसतच नाहीत. दंतवैद्याच्या खुर्चीत या अडचणी गाल मागे ओढणारी साधने, तोंडात धरावयाचा लहान आरसा आणि वरून सोडलेला दिवा यांनी दूर केल्या जातात. तेच काम रुग्णाने घरी, स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या फोनने करावे अशी अपेक्षा धरली म्हणजे फोन आणि तोंड यांच्यामध्ये काहीतरी तिसरी वस्तू यावी लागते. या तिसऱ्या वस्तूस प्रस्तुत लेखात ‘जोडसाधन’ म्हटले आहे.

अशी जोडसाधने गेल्या दशकात अनेक निघाली. त्यांत पॅरिस येथे २०१४ मध्ये स्थापन झालेल्या डेंटल मॉनिटरिंग या कंपनीचे नाव प्रथम घ्यावे लागेल. दात सरळ करण्याचे उपचार चालू असलेल्या रुग्णाने गालओढणी लावून ठराविक कालांतराने छायाचित्रे घ्यावीत, ती कंपनीच्या संगणकाकडे जावीत आणि तेथील विश्लेषण दंतवैद्यास कळवावे, अशी ही व्यवस्था आहे. दर भेटीसाठी रुग्णालयात येण्याचे श्रम त्यामुळे वाचतात, हा तिचा उघड लाभ. परंतु या लाभावर कोणाची मालकी असावी, आणि नेमक्या कोणत्या भागावर असावी, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. एकस्व, म्हणजे व्यवहारात ज्यास पेटंट म्हणतात ते, कल्पनेस मिळत नाही, शोधास मिळते. तेव्हा ‘फोनने दातांचे दुरून निरीक्षण करावे’ या कल्पनेतून शोध वेगळा काढणे हे पहिले काम ठरते.

त्यासाठी थोडे गणित करणे अपरिहार्य आहे. स्मार्टफोनचा मुख्य कॅमेरा साधारणतः सात ते दहा सेंटिमीटरपेक्षा जवळची वस्तू स्पष्ट दाखवू शकत नाही. दूरच्या वस्तूसाठी जुळविलेल्या कॅमेऱ्यापुढे ५० मिलिमीटर नाभ्यंतराचे एक बहिर्वक्र भिंग ठेवले, तर त्या भिंगापासून ५० मिलिमीटरवरील वस्तूची प्रतिमा स्पष्ट उमटते. कॅमेऱ्याच्या भिंगाचे नाभ्यंतर ५ मिलिमीटर धरल्यास प्रतिमा वस्तूच्या एक-दशांश पडेल. वरचा मधला पटाशीचा दात सुमारे ८.५ मिलिमीटर रुंद असतो. त्याची प्रतिमा ०.८५ मिलिमीटर होईल. संवेदकावरील चित्रबिंदू एक मायक्रोमीटरचा असेल तर या रुंदीत ८५० चित्रबिंदू येतील, म्हणजे प्रत्येक चित्रबिंदू दातावरील १० मायक्रोमीटर अंतर दाखवील. पारदर्शक साच्यांच्या उपचारात एका साच्याने दात सुमारे पाव मिलिमीटर सरकविणे अपेक्षित असते. हे अंतर २५ चित्रबिंदू इतके भरते. तेव्हा सूक्ष्मता कमी पडते असे मुळीच म्हणता येत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. वरील मांडणीत फोन एक मिलिमीटर पुढे-मागे झाला तर प्रतिमेचे प्रमाण दोन टक्क्यांनी बदलते, आणि ८.५ मिलिमीटरच्या दोन टक्के म्हणजे ०.१७ मिलिमीटर. फोन दहा अंशांनी तिरपा धरला गेला तर त्याच रुंदीत सुमारे ०.१३ मिलिमीटरची घट भासते. जी हालचाल मोजावयाची ती ०.२५ मिलिमीटर आणि हाताच्या किंचित कंपाने येणारी चूकही जवळजवळ तेवढीच! म्हणून जोडसाधनाचे मर्म त्याच्या भिंगात नाही, दिव्यातही नाही. फोन आणि दंतपंक्ती यांचे परस्परस्थान निश्चित करण्यात, किंवा ते अनिश्चित राहिले तरी ओळखता येण्यात आहे.

या मर्मापर्यंत पोहोचण्याचे दोन मार्ग संभवतात. पहिला यांत्रिक होय. फोन एका चौकटीत घट्ट बसवावयाचा, चौकटीस नळी जोडावयाची, नळीचे टोक ओठांआड जाईल आणि रुग्ण त्यावर दात टेकील अशी रचना करावयाची. अंतर व कोन या दोहोंवर मग साधनाचेच नियंत्रण राहते. दुसरा मार्ग गणनेचा. उपचाराच्या प्रारंभी दंतपंक्तीचे त्रिमितीय प्रतिमान तयार करून ठेवावयाचे. पुढे रुग्णाने कसेही, परंतु गाल पुरेसे मागे ओढून, छायाचित्र घ्यावयाचे. आणि संगणकाने ‘कॅमेरा कोठे असता व कोणता दात किती सरकला असता हे चित्र दिसले असते?’ या प्रश्नाचे उत्तर वारंवार जुळवणी करून शोधावयाचे. छायाचित्रातील दातांच्या बाह्यरेषा आणि प्रतिमानाच्या काल्पनिक चित्रातील बाह्यरेषा यांचा मेळ बसेपर्यंत ही जुळवणी चालते. येथे गालओढणीवर कोरलेल्या खुणाही उपयोगी पडतात. कारण त्यांची परस्परांतरे ठाऊक असल्याने त्या मोजपट्टीचे काम करतात. पहिल्या मार्गात साधन अवघड व गणित सोपे, दुसऱ्यात साधन सोपे व गणित अवघड. एकस्वाच्या कायद्याचे दोन निरनिराळे दरवाजे या दोन मार्गांपुढे उभे राहतात, आणि दोन्हींवर पहारा आहे.

प्रथम यांत्रिक मार्गाचा विचार करू. भारतीय एकस्व अधिनियम, १९७० याच्या कलम २ नुसार शोध नवा असला पाहिजे, त्याचा औद्योगिक उपयोग संभवला पाहिजे आणि त्यात शोधपायरी असली पाहिजे. विद्यमान ज्ञानाच्या तुलनेने तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व, किंवा दोन्ही, ज्यात आहे आणि जे त्या कलेत निष्णात असलेल्या व्यक्तीस सहज सुचले नसते, ते वैशिष्ट्य म्हणजे शोधपायरी. शिवाय कलम ३ चा एक खंड सांगतो की, परस्परांपासून स्वतंत्रपणे आणि आपापल्या ज्ञात रीतीने काम करणाऱ्या ज्ञात साधनांची केवळ मांडणी वा फेरमांडणी हा शोध नव्हे. फोन ज्ञात, भिंग ज्ञात, गालओढणी ज्ञात, दिव्याचे कडे ज्ञात. ही सारी एका चौकटीत बसविली आणि प्रत्येकाने पूर्वीचेच काम केले, तर त्या चौकटीस एकस्व मागणे व्यर्थ आहे.

या बाबतीत भारतीय सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ मधील विश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज हा निर्णय अद्यापि मार्गदर्शक मानला जातो, आणि त्यातील वस्तुस्थिती प्रस्तुत विषयास आश्चर्यकारक रीतीने लागू पडते. वाद भांड्यांचा होता. पितळेची व तत्सम धातूंची भांडी कातयंत्रावर फिरवून घासताना ती नीट धरून ठेवण्याची एक युक्ती वादीने काढली आणि तिच्यासाठी १९५१ मध्ये एकस्व घेतले. कातयंत्राच्या एका बाजूचा अडणीसारखा आधार जुनाच होता. त्यास दुसऱ्या बाजूने टोकदार आधाराची जोड देऊन भांडे दोहोंमध्ये दाबून धरावयाचे, एवढीच ती युक्ती. काम वेगाने होई, भांडे निसटून अपघात होण्याचे भय कमी होई, झिलई चांगली येई. हे लाभ खरे होते. तथापि टोकदार आधार हा कातयंत्राचा पूर्वापार परिचित भाग असून त्याचा असा उपयोग करणे हे कुशल कारागिराच्या नित्य कौशल्यापलीकडचे नाही, असे ठरवून न्यायालयाने एकस्व रद्द करणारा एकल न्यायाधीशांचा निर्णय कायम केला. ‘कारखान्यातील सुधारणा’ आणि ‘शोध’ यांतील भेद या निर्णयाने स्पष्ट केला. ज्ञात वस्तूंच्या संयोगातून नवा परिणाम, नवी वस्तू, किंवा जुन्याहून सरस अथवा स्वस्त वस्तू निपजली पाहिजे. आणि तेवढ्यानेही भागत नाही, तर ती सहजसुचणारी नसली पाहिजे.

कातयंत्रात भांडे धरणे आणि चौकटीत फोन धरणे यांत तत्त्वतः कितीसा फरक आहे? ‘हात हलत होता, आता हलत नाही’ एवढाच दावा असेल तर फारसा नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही २००७ मध्ये केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स या खटल्यात, मोटारीच्या मागेपुढे सरकणाऱ्या पायपट्टीस परिचित विद्युत्‌संवेदक जोडण्याचे एकस्व याच विचारसरणीने अमान्य केले. शिवाय फोनला प्रकाशीय उपकरण जोडण्याची कल्पना स्वतः आता जुनी झाली आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी भ्रमणध्वनीस सूक्ष्मदर्शक जोडून रक्तातील व थुंकीतील जंतू पाहिल्याचा वृत्तांत २००९ मध्ये प्रसिद्ध केला होता. त्यानंतर कान, डोळा, त्वचा यांसाठी जोडसाधने आली. तोंडासाठी तसेच करावे हे निष्णातास सुचणार नाही असे म्हणणे धारिष्ट्याचे होईल.

मग शोध कोठे संभवतो? जेथे भाग परस्परांवर अवलंबून काम करतात तेथे. उदाहरणार्थ, दिव्यापुढे आणि कॅमेऱ्यापुढे काटकोनात ध्रुवक ठेवून लाळेची चमक नाहीशी करणे ही दंतछायाचित्रणातील परिचित रीत आहे. तिला एकस्व मिळणार नाही. परंतु फोनचा दिवा व कॅमेरा एकमेकांस चिकटून असतात, आणि फोनागणिक त्यांतील अंतर बदलते. अशा स्थितीत कोणत्याही फोनवर बसेल असा एकच तुकडा दोहोंचे ध्रुवण आपोआप साधील अशी रचना कोणी केली, तर तेथे एक तांत्रिक अडचण आणि तिचे अनपेक्षित उत्तर दिसते. तसेच रुग्णाच्या श्वासाचाच ओघ आरशावरून वळवून बाष्प दूर ठेवणारी नळी, किंवा दात टेकण्याच्या कडेवरील खुणा चित्रात उमटून त्यांवरून फोनच्या भिंगाची वक्रताविकृती काढता येईल अशी योजना, यांची गोष्ट निराळी ठरेल. हे केवळ नमुने होत. तात्पर्य इतकेच की हक्कदाव्यातील प्रत्येक भागापुढे ‘हा काढला तर दुसऱ्याचे काम बिघडते काय?’ हा प्रश्न विचारून पाहिला पाहिजे.

गणनेच्या मार्गावरील पहारा अधिक कडक आहे. कलम ३ च्याच दुसऱ्या एका खंडाने गणितीय रीती, व्यवसायरीती, गणनविधी आणि केवळ संगणकक्रमादेश यांस एकस्वाबाहेर ठेवले आहे. ‘केवळ’ या शब्दावर सारा भर आहे. फरीद अल्लानी प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये असे म्हटले की, क्रमादेशाने तांत्रिक परिणाम वा तांत्रिक योगदान साधले जात असेल तर शोध संगणकावर आधारलेला आहे एवढ्याच कारणाने तो नाकारता येत नाही. अमेरिकेत २०१४ च्या ॲलिस निर्णयापासून अमूर्त कल्पना संगणकावर चालविल्याने ती एकस्वक्षम होत नाही हे तत्त्व रूढ आहे. आणि एप्रिल २०२५ मध्ये तेथील फेडरल सर्किट न्यायालयाने रीसेन्टिव्ह विरुद्ध फॉक्स या खटल्यात पुढे जाऊन ठरविले की, यंत्रशिक्षणाची परिचित रीत नव्या क्षेत्रातील सामग्रीस लावणे एवढ्याने एकस्व मिळत नाही. तो खटला दूरदर्शन-कार्यक्रमांच्या वेळापत्रकाचा होता. परंतु ‘दातांच्या छायाचित्रांवर शिकविलेले जाळे दात किडला आहे की नाही ते सांगते’ अशा ढोबळ दाव्यांसही तोच दंडक लागेल हे उघड आहे. याउलट, कॅमेऱ्याचे अज्ञात स्थान आणि दाताचे अज्ञात सरकणे ही दोन एकमेकांत गुंतलेली अज्ञाते कशी सोडवावयाची याची विशिष्ट रीत, आणि त्या रीतीस हवी तशी खूण चित्रात आणणारे साधन, असा जोड दावा अधिक टिकाऊ वाटतो.

तिसरा पहारा वैद्यकाचा. मनुष्यावरील औषधी, शस्त्रक्रियात्मक, प्रतिबंधक, निदानात्मक वा अन्य उपचारांची प्रक्रिया भारतीय कायद्यानुसार शोध मानली जात नाही. येथे ‘प्रक्रिया’ हा शब्द महत्त्वाचा. साधन हे प्रक्रिया नसल्याने जोडसाधनास हा प्रतिबंध लागू होत नाही. निरीक्षणाच्या पद्धतीस मात्र लागू होऊ शकतो. युरोपीय कराराचा अनुच्छेद ५३ मानवी शरीरावर आचरिलेल्या निदानपद्धतींना वगळतो. पण तेथील विस्तारित अपील मंडळाने डिसेंबर २००५ मध्ये दिलेल्या जी १/०४ या मतात या वगळणुकीची कक्षा पुष्कळच अरुंद केली. माहिती गोळा करणे, ती प्रमाणित मूल्यांशी ताडून पाहणे, लक्षणीय अंतर शोधणे आणि ते अंतर विशिष्ट रोगावस्थेस जोडणे, या चारही पायऱ्या दाव्यात असतील, आणि त्यांतील तांत्रिक पायऱ्या शरीरावर आचरिल्या जात असतील, तरच ती वर्ज्य निदानपद्धती. म्हणून ‘दात इतका सरकला’ येथेच थांबणारा आणि रोगाचे नाव न घेणारा दावा युरोपात या प्रतिबंधातून सुटतो.

भारतीय कायद्यात ‘शरीरावर आचरिलेल्या’ हे शब्द नाहीत. मद्रास उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये हाँगकाँगच्या चायनीज विद्यापीठाच्या प्रकरणात नेमका हा भेद दाखविला. निदान शरीराबाहेर झाले तरी ते निदानच. परंतु निदानाशी दूरचा संबंध असलेली प्रत्येक चाचणी मात्र या खंडात ओढता येणार नाही, आणि ज्या प्रक्रियेतून रोग वा विकार ओळखला जाऊन उपचार ठरविता येतो तीच वर्ज्य होय, असा त्या निर्णयाचा आशय आहे. या कसोटीने पाहता, सरळीकरणाच्या योजनेप्रमाणे दात हलला की नाही हे मोजणारी पद्धत आणि हिरडीचा दाह ओळखणारी पद्धत या दोन वेगळ्या पंक्तींत बसतात. एकाच फोनमधील एकाच अ‍ॅपने दोन्ही कामे केली तरी दावे निराळे लिहिणे शहाणपणाचे ठरेल.

एकस्व मिळाले तरी त्याचा भंग कोण करतो हा प्रश्न या विषयात विशेष गुंतागुंतीचा आहे. छायाचित्र रुग्ण घेतो, साधन दंतवैद्य देतो, गणना कंपनी करते आणि तिचा संगणक कदाचित तिसऱ्याच देशात असतो. एकस्व तर देशाच्या सीमेवर संपते. दंतवैद्यकातीलच एक प्रकरण येथे उद्‌बोधक आहे. क्लिअरकरेक्ट ही टेक्सासमधील कंपनी दंतपंक्तीची मापे पाकिस्तानात पाठवी. तेथे उपचारातील टप्प्यांची संगणकीय प्रतिमाने तयार होत आणि ती विद्युत्‌मार्गे परत येऊन टेक्सासमध्ये साचे घडत. प्रतिस्पर्धी अलाइन कंपनीने आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे दाद मागितली. आयोगाचा अधिकार आयात ‘वस्तूं’वर चालतो, नोव्हेंबर २०१५ मध्ये फेडरल सर्किट न्यायालयाने ठरविले की, तारेवरून येणारी आकडेमोड ही त्या अर्थाने वस्तू नव्हे. तत्पूर्वी २००५ मध्ये ब्लॅकबेरी फोनच्या वादात त्याच न्यायालयाने, यंत्रणेचा एक भाग कॅनडात असूनही यंत्रणेवरील दाव्याचा भंग अमेरिकेत होऊ शकतो, पण एक पायरी देशाबाहेर पडल्यास पद्धतीवरील दाव्याचा होत नाही, असा भेद केला होता. आणि पद्धतीच्या पायऱ्या अनेकांत वाटल्या गेल्या असतील तर काय? २०१५ च्या अकामाई निर्णयानुसार, लाभ मिळण्यासाठी ती पायरी पार पाडणे आवश्यक करणारा आणि ती कशी व केव्हा करावी हे ठरविणारा मनुष्य तिच्यासाठी जबाबदार धरता येतो. ‘दर सोमवारी गालओढणी लावून पाच चित्रे घ्या’ असे सांगणारे अ‍ॅप या वर्णनात सहज बसेल. भारतीय अधिनियमात मात्र भंगास हातभार लावण्याविषयी स्वतंत्र तरतूद नाही. परिणामी येथे हाती धरता येणाऱ्या जोडसाधनावरील दावा हा पद्धतीवरील दाव्यापेक्षा कितीतरी अधिक उपयोगी ठरतो. तो शोधपायरीच्या दृष्टीने सर्वांत दुबळा असतो, ही या क्षेत्रातील खरी विसंगती होय.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. जेथे दंतवैद्य पोहोचत नाही तेथे स्वस्त चौकट आणि साधा फोन यांनी शाळकरी मुलांचे दात पाहता यावेत, अशी इच्छा सार्वजनिक आरोग्याच्या प्रत्येक अभ्यासकाची असणार. फोनने काढलेले दाताचे चित्र दुसऱ्यास पाठविणे एवढेच व्यापणारा दावा मान्य झाला तर वीस वर्षे हा मार्ग अडेल. म्हणून ढोबळ दाव्यांविरुद्ध अनुदानापूर्वी हरकत घेण्याचा अधिकार कलम २५ ने कोणाही व्यक्तीस दिला आहे. विद्यापीठांच्या विभागांनी त्याचा वापर क्वचितच केला आहे, ही खेदाची गोष्ट. कलम ४७ प्रमाणे केवळ प्रयोग, संशोधन वा विद्यार्थ्यांचे शिक्षण यांसाठी एकस्वित साधन बनविणे व वापरणे मोकळे आहे, हेही पुष्कळांस ठाऊक नसते. एकस्व म्हणजे विक्रीची परवानगी नव्हे, हे वेगळे सांगावयास नको. ती वाट वैद्यकीय साधन नियम, २०१७ यांतून जाते.

संशोधक विद्यार्थ्याच्या दृष्टीने सर्वांत नाजूक भाग काळाचा आहे. साधन तयार झाले की ते परिषदेत दाखविण्याची घाई होते. कलम ३१ नुसार विद्वत्‌सभेपुढे वाचलेला किंवा तिच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झालेला निबंध बारा महिन्यांच्या आत अर्ज केल्यास नावीन्यास बाधक होत नाही. ही सवलत भारतापुरती. अमेरिकेतही शोधकाच्या स्वतःच्या प्रसिद्धीस एक वर्षाची मुदत आहे. युरोपात अशी सर्वसाधारण मुदतच नाही, आणि मुंबईत वाचलेला निबंध म्युनिकचे दार बंद करतो. प्रबंध ग्रंथालयात किंवा शोधगंगेवर ठेवणे हे विद्वत्‌सभेपुढील वाचन म्हणता येईल काय, याविषयी तर सावधच राहावे. दंतशिबिरात साधन वापरून पाहावयाचे असेल तर कलम ३२ चा आधार आहे: साधनाचे स्वरूप पाहता चाचणी सार्वजनिक रीतीने करणे वाजवीपणे आवश्यक असेल, आणि वापर वाजवी चाचणीपुरताच असेल, तर मागील एका वर्षातील असा वापर बाधत नाही. शिबिरात साधने वाटून टाकली, विकली, तर तो आधार निसटतो.

यावर व्यवहार्य उपाय तात्पुरत्या विनिर्देशाचा होय. तो दाखल केला की बारा महिन्यांत पूर्ण विनिर्देश देता येतो, आणि शैक्षणिक संस्थांसाठी २०२१ पासून शुल्क ऐंशी टक्क्यांनी कमी झाले आहे. मात्र तात्पुरत्या विनिर्देशात जे सांगितले नाही त्यास ती तारीख मिळत नाही. ‘फोनला बसणारी, तोंडाचे छायाचित्र घेण्यास उपयुक्त चौकट’ असे एक वाक्य लिहून घाईने पाठविलेला कागद त्यामुळे जवळजवळ निरुपयोगी असतो. दात टेकण्याची कडा भिंगापासून किती अंतरावर आहे, ते अंतर निरनिराळ्या जाडीच्या फोनांवर कसे कायम राहते, कडेवरील खुणा कोणत्या आकाराच्या आहेत, त्या चित्रात किमान किती दिसल्या पाहिजेत आणि त्यांवरून फोनचा तिरपेपणा कोणत्या समीकरणाने काढला आहे, हे आकृतीसह त्यात आले पाहिजे. खुणा लाळेने झाकल्या गेल्यास काय करावयाचे, तेही.